सूक्ष्मदर्शकाची खंडेनवमी

चाकणच्या आमच्या हायस्कुलात अशी एक वस्तू नव्हती, जिच्यावर कुणाचं ना कुणाचं नाव नव्हतं. शाळा खाजगी. सरकारी अनुदान आज येतं, उद्या येतं असं नुसतं ऐकत होतो. त्यामुळे सगळा संसार देणगीवर उभा. बाकावर नाव, फळ्यावर नाव, पाण्याच्या पिंपावर नाव, घंटेवर तर दोघा भावांची नावं, कारण अर्धी घंटा एकाने दिली होती आणि अर्धी दुसऱ्याने. पृथ्वीचा गोल एका कापडवाल्याने दिला. त्यावर कैलासवासी वडिलांचं नाव रंगवायला त्याने सांगितलं, आणि रंगाऱ्याला ऐसपैस जागा सापडली ती प्रशांत महासागरात. नाव लांबलचक, जपानहून निघायचं ते थेट अमेरिकेच्या किनाऱ्याला लागायचं. पुढे तपासनीस आले आणि त्यांनी एका मुलीला जगातला सर्वांत मोठा महासागर विचारला, तर तिने त्या कैलासवासी गृहस्थांचं नाव आडनावासकट सांगितलं. तपासनीस हसले नाहीत. मी हसलो, आणि हेडमास्तरांनी ते पाहिलं.

मी तिथे शास्त्र शिकवायचो. शिकवायचो म्हणजे काय, प्रयोगशाळा नव्हती, परीक्षानळी नव्हती, एक स्पिरिटचा दिवासुद्धा नव्हता. मी हातात खडू धरायचो आणि म्हणायचो, "समजा, ही परीक्षानळी आहे. समजा, हिच्यात पाणी आहे. समजा, ते उकळलं." पोरं गंभीर चेहऱ्याने समजायची. माझ्यामागे मला 'समजामास्तर' म्हणायची, हे मला फार उशिरा समजलं.

तपासनिसांनी जाताना शेरा लिहिला: स्वतंत्र प्रयोगशाळेची खोली होईपर्यंत वरच्या वर्गांना शास्त्र विषय घेता येणार नाही. झालं! तिकडे पिंपरीला इंजेक्शनच्या औषधाचा कारखाना उभा राहत होता. आमच्या गावातले बाप सायकलवरून तो बघून यायचे आणि शाळेच्या ओट्यावर टेकून विचारायचे, "मास्तर, तितं शास्तर शिकल्याली मान्सं घेत्यात म्हनं. आमच्या पोराला कवा येनार शास्तर?" मी म्हणायचो, "खोली झाली की." ते म्हणायचे, "आन खोली कवा?" मी घंटा द्यायला उठायचो. पुण्याला पोर ठेवून शिकवण्याची ऐपत त्यातल्या एकदोघांचीच. बाकीच्यांची मुलं त्या एका खोलीपायी अडून बसली होती.

तेव्हा हेडमास्तर आणि मी कांद्याच्या शेठकडे गेलो.

शेठ बाजारातले मोठे अडते. आजूबाजूच्या गावांतला निम्मा कांदा त्यांच्या वखारीतून पुण्या-मुंबईला जायचा. स्वतः दुसरीत शाळा सोडलेले. गोणीत हात घालून कांदा चाचपायचे आणि तो कुठल्या रानातला, किती दिवस टिकेल हे सांगायचे. हेडमास्तरांनी खोलीचा विषय काढताच ते म्हणाले, "खोली लई मोठी गोष्ट हाय. आदी एक वस्तू देतो. तिचं तुमी काय करता ते बगतो. मंग बोलू."

महिन्याभरात पुण्याहून वस्तू आली: लाकडी पेटीत पितळी सूक्ष्मदर्शक. शेठनी तो वखारीतच आमच्या स्वाधीन केला. गोण्यांवर हमाल बसले होते. शेठ त्या पितळेवरून हात फिरवत म्हणाले, "ह्यातनं काय दिसतं वं मास्तर?"

पुस्तकातला पहिलाच प्रयोग कांद्याच्या पापुद्र्याचा. मी ऐटीत म्हणालो, "कांदा."

"कांदा तर मला असाच दिसतो की!"

हमाल खो खो हसले. मी घाईघाईने सावरून घेतलं, "तसा नव्हे शेठ. आतून कांदा कसा विणलाय, ते दिसतं."

शेठनी गोणीतला एक कांदा काढून हातात फिरवला. मग म्हणाले, "सारी हयात कांदा इकला, पर इनल्याला न्हाई बगितला. दिवाळीच्या आदी येतो. माज्याच वखारीतला कांदा लावायचा. दाखवा, मंग खोलीचं ठरवू."

परतताना हेडमास्तर खुशीत होते. मी मात्र पेटी छातीशी धरून मागे मागे चालत होतो. कारण असं, की कॉलेजात आम्हा चौदा जणांत मिळून एक सूक्ष्मदर्शक होता. माझी पाळी आली की मी डोळा लावायचो, काही दिसायचं नाही, तरी "हं, हं, सुरेख!" म्हणून बाजूला व्हायचो आणि शेजाऱ्याच्या वहीतली आकृती उतरवायचो. थोडक्यात, मी शास्त्राचा पदवीधर होतो, पण सूक्ष्मदर्शकातून मी आजवर काहीही पाहिलेलं नव्हतं.

अशा माणसाने काय करावं? मी कुलूप आणलं. सूक्ष्मदर्शक कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली. पोरं रोज विचारायची, "मास्तर, आज दाखवनार?" मी सांगायचो, "हवा दमट आहे." दुसऱ्या दिवशी, "धूळ फार आहे." तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावरून आवाज आला, "समजा, दाखवला." वर्ग हसला. मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि फळ्याकडे वळून कांद्याच्या पेशी काढल्या. शेजाऱ्याच्या वहीत होत्या तशा.

मग खंडेनवमी आली.

आमच्या भागात त्या दिवशी हत्यारांची पूजा. सुतार पटाशी पुजतो, शेतकरी कोयता, टांगेवाला चाबूक. शाळेतही घंटा आणि पुस्तकं पाटावर मांडायची पद्धत. हेडमास्तर म्हणाले, "शास्त्राचं हत्यार तुमच्याकडे आहे. आणा बाहेर." मला हुरूप आला. एवीतेवी त्या यंत्रापुढे माझी अक्कल चालत नव्हती. भक्ती तरी चालेल. मी ते ओल्या फडक्याने पुसलं. हळदीकुंकू कुठे लावावं असा प्रश्न पडला. देवाच्या कपाळाला लावतात. यंत्राचं कपाळ कुठलं? विचार करून मी सर्वांत वरची काच निवडली आणि तिच्यावर अंगठ्याने हळदीकुंकवाचा ठसठशीत टिळा लावला. पाच अक्षता चिकटवल्या. फूल कुठे वाहायचं? वरचा काचेचा तुकडा ओढल्यावर निघतो, असं लक्षात आलं. तो काढून बाजूला ठेवला, आणि खाली जी मोकळी नळी राहिली तिच्यात झेंडू खोचला. हुबेहूब फुलदाणी! नारळ फोडला, त्याचं पाणी चहूकडे शिंपडलं. शेवटी झेंडू काढला, काच धोतराच्या सोग्याने पुसून परत बसवली आणि कपाटाला कुलूप.

शेठ यायला तीन दिवस उरले, तेव्हा निरोप आला: परवाचा बाजार उरकून शेठ येतील तेरवा सकाळी. शाळा सुटल्यावर कपाट उघडलं, कांदा सोलला, पापुद्रा काचेवर ठेवला, खालचा आरसा खिडकीकडे वळवला आणि डोळा लावला.

आणि दिसलं की राव! पिवळे ढग, त्यात तांबडे ठिपके, मधून मधून केसासारख्या नाजूक जाळ्या. धावत जाऊन मी हेडमास्तरांना घेऊन आलो. त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ पाहिलं.

"अहो, काय ही सृष्टी!" ते म्हणाले. "तांबडं आहे ते काय?"

"पेशींचं केंद्र."

"आणि त्या जाळ्या?"

"पेशींच्या भिंती," मी बेधडक सांगितलं.

"शाबास. खोली मिळाली समजा," असं म्हणून ते गेले.

मी कांदा काढून काच पुसली. जाता जाता सहज पुन्हा डोळा लावला. ढग तसेच. ठिपके तसेच. जाळ्याही जिथल्या तिथे. खाली कांदा नाहीच!

मी तिथेच बाकावर बसलो. मग उठलो. पुन्हा बसलो. सगळ्या वर्गाला दोन फेऱ्या घातल्या. मी आणि हेडमास्तरांनी मिळून माझ्याच पूजेचं दर्शन घेतलं होतं, आणि त्यावर कोंब फुटावे तशी बुरशी चढली होती.

बाजारपेठेत घड्याळं दुरुस्त करणारे एक चाचा होते. हातभर रुंदीचं दुकान, डोळ्याला कायमचं भिंग. मी सूक्ष्मदर्शक कांद्याच्या रिकाम्या गोणीत गुंडाळला, वरून मेथीच्या दोन जुड्या ठेवल्या आणि सायकलला लावून निघालो. वाटेत तिघांनी मेथीचा भाव विचारला.

चाचांनी नळी मोकळी केली, आत डोकावून पाहिलं, चिमटा घातला आणि एक पाकळी बाहेर काढली. तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, ये तो गेंदे का फूल है."

"हो."

"आणि ही हळद."

"हो."

"नारियल?"

"पाणी फक्त."

"मग परसाद कुठाय?" चाचांनी भिंग कपाळावर सरकवलं. "बघा, बुरशी काचेत शिरली नसेल तर निघेल. शिरली असेल तर मी पण काय करणार नाही. जोर लावला तर ओरखडा, ओरखडा पडला तर मशीन गेली. दोन दिवस ठेवा इथं."

"परवा संध्याकाळपर्यंत हवाच! एका खोलीचा प्रश्न आहे, चाचा. पोरांच्या खोलीचा."

"मग आता उठा इथून. तुमचं पाय हलतं, टेबल हलतं."

ते दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. वर्गात 'समजा' एवढं म्हणून पुढचं विसरायचो. मधल्या सुट्टीत पेठेत एक चक्कर. शाळा सुटली की दुसरी. करगोट्याची किल्ली चाचपायचो आणि मग आठवायचं की कपाट रिकामं आहे. हेडमास्तरांनी दोनदा "एकदा परत बघू या का हो ती सृष्टी?" म्हटलं, दोनदा मी पोट दुखत असल्याचं सांगितलं, आणि ते खरोखरच दुखत होतं.

बाजारच्या दिवशी दुपारी दुकानाकडे गेलो तर समोर ही गर्दी! मला वाटलं, चाचांना काही झालं. घुसून पाहतो तो फळीवर आमचा सूक्ष्मदर्शक लखलखत होता, आणि लोक रांगेने डोळा लावत होते. हमाल, भाजीवाल्या, एसटीचा कंडक्टर. काच कधीच साफ झाली होती. ती तपासायला चाचांनी माशीचा पाय लावला, एका गिऱ्हाइकाने तो बघितला, त्याने दुसऱ्याला सांगितलं, आणि रांग लागली.

"आयला, ह्येला तर केसं हायती!" एक हमाल ओरडला.

"सरक, मला बगू दे."

"तू कांदा बग. कांदा लावा वं चाचा, माश्या आमच्या घरी लई हायत!"

आणि रांगेत माझा वर्ग. अर्धाअधिक. दप्तरासकट. मला पाहताच दोघे चाचांच्या टेबलाखाली शिरले. एक मुलगी मात्र हलली नाही, नुकत्याच लावलेल्या कांद्यावरून डोळा न काढता म्हणाली, "मास्तर, फळ्यावर तुमी पेशी गोल काढल्या व्हत्या. ह्या लांबट हायत. इटांवानी."

मी वाकून पाहिलं. आयुष्यात प्रथमच. खरंच, लांबट होत्या. एकीला एक खेटून, भिंतीच्या विटांसारख्या, दूर दूरपर्यंत. शेजाऱ्याच्या वहीतली आकृती साफ चुकीची होती, आणि तिच्यावर मला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते.

चाचांना म्हटलं, "अहो, ही शाळेची वस्तू! भर बाजारात?"

"शाळेत पण पोरांना असंच दाखवता ना?" चाचांनी विचारलं. मी ती वस्तू परत गोणीत घातली. मेथी या खेपेला विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ आले. स्वच्छ धोतर, एका हातात काठी, दुसऱ्यात स्वतः निवडलेला एक कांदा. वर्गात सगळी मुलं, भिंतीला टेकून हेडमास्तर. मी पापुद्रा काढला, आरसा लावला, खात्री केली. विटा जागच्या जागी होत्या. "या शेठ," मी म्हणालो.

शेठ वाकले. उजवा डोळा लावला. मग डावा. वर्गात इतकी शांतता, की बाहेरच्या झाडावरचा कावळासुद्धा मला उद्धट वाटला. पुन्हा उजवा. अखेर ते ताठ झाले आणि म्हणाले, "मास्तर, मला तर काय बी दिसत न्हाई. नुसतं दुधावानी पांढरं."

झालं. बुरशी आत शिरली असणार! ओरखडा पडला असणार! खोली गेली, शास्त्र गेलं, ओट्यावरचे ते सगळे बाप माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. मग माझं तोंड जे सुटलं ते सुटलंच. "शेठ, चूक माझी आहे, पोरांवर राग काढू नका," असं म्हणून मी सगळं ओकून टाकलं. कुलूप सांगितलं, किल्ली सांगितली, टिळा, अक्षता, नळीतला झेंडू, नारळाचं पाणी, बुरशी, गोणी, मेथी, चाचा, बाजारातली रांग. कॉलेजातला शेजारीसुद्धा सांगितला, ज्याची काहीच गरज नव्हती. बोलता बोलता हेडमास्तरांकडे नजर गेली. 'सृष्टी' कशाची होती ते त्यांना त्या क्षणी उमगत होतं, आणि त्यांचा चेहरा कुंकवाच्या रंगाकडे चालला होता.

शेठनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "येवडं कशापाई सांगिटलं? मला समदं ठावं हाय. माजे हमाल त्या रांगेत व्हते. काल दिसभर वखारीत माशीच्या पायाबिगर दुसरा इषय न्हाई."

"मग आता दिसत नाही ते..."

"मशीन बेस हाय वं. माज्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. तुमचं त्वांड बी मला धड दिसत न्हाई." आणि वर म्हणाले, "आता जे ऐकलं, त्यावरनं त्ये बरंच हाय म्हना."

वर्गाने हसू दाबलं. शेठ माझ्या खुर्चीवर बसले, काठी पायांत उभी धरली आणि म्हणाले, "पोरांनू, तुमी बगा. मला सांगा माजा कांदा कसा इनलाय."

पोरं एकेक करून आली. पहिली ती विटांची मुलगी. "भित्ताड हाय, शेठ. पर चुना न्हाई, इटंला ईट चिकाटल्याली." दुसरा म्हणाला, "परतेक खोलीत येक ठिपका हाय. मान्सं ऱ्हात्यात जनू." मागच्या बाकावरचा तो 'समजा, दाखवला' वाला आला आणि आरसा स्वतःच नीट करून घेतला, मला न विचारता. "भायेरच्या पापुद्र्यात खोल्या मोट्या, आतल्या गाभ्याकडं बारक्या. चाचांकडं दोनी लावून बगितलं मी." शेठ विचारत होते, "ओल कुटं ऱ्हाती मंग? सडतो तवा कुटनं सडतो?" आणि पोरं पुन्हा बघत होती, आपसांत भांडत होती, "भिंत फुटती रं, मंग पानी भायेर," "न्हाई रं." मला एकही प्रश्न कुणी विचारला नाही. मी उभा होतो, मग खिडकीशी गेलो, परत आलो. हात कुठे ठेवावेत ते समजत नव्हतं. चाळीस पोरांची बोटं त्या पितळेवर पडत होती आणि प्रत्येक बोटागणिक माझा जीव खालीवर होत होता.

वखारीतून दोनदा माणूस बोलवायला आला. शेठनी दोनदा त्याला परत पाठवलं. शेवटचं पोर झाल्यावर ते उठले.

"खोली बांदतो," ते हेडमास्तरांना म्हणाले. "दोन दारं ठिवा. येक शाळंकडनं, येक बाजारपेठंकडनं. बाजारच्या दिशी माज्या हमालांना बी बगू द्या."

हेडमास्तर चाचरले. "पण शेठ, मोडतोड झाली तर? वस्तू मौल्यवान..."

"मोडंल. मंग दुसरी आनू. आन त्या कपाटाची किल्ली द्या हिकडं."

आता किल्ली माझ्या करगोट्याला, गाठ मारून. भरल्या वर्गात, मुलींसमोर, मी भिंतीकडे तोंड करून ती सोडवत होतो आणि गाठ काही सुटत नव्हती. अखेर 'समजा' वाल्याने कंपासपेटीतलं पेन्सिल तासायचं पातं पुढे केलं. "कापा, मास्तर."

पुढल्या पावसाळ्याच्या आत खोली उभी राहिली. दोन दारांची. तपासनिसांनी पाहून मंजुरी दिली आणि जूनमध्ये वरच्या वर्गात शास्त्र सुरू झालं. बाजारच्या दिवशी पेठेकडचं दार उघडायचं माझ्याकडे आलं. शिक्षा म्हणून की मान म्हणून, ते हेडमास्तरांनी कधी सांगितलं नाही. सहा महिने ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. मी त्या दारात उभा राहून "हळू, हळू, काचेला बोट नको!" एवढंच ओरडत असायचो.

शेठनी त्यानंतरच्या हिवाळ्यात पुण्याला जाऊन मोतीबिंदू काढून घेतले. महिन्याने बाटलीच्या बुडासारख्या जाड काचांचा चष्मा लावून ते पेठेकडच्या दाराने आले. वर्ग चालू होता. त्या मुलीने जागा करून दिली, कांदा लावून दिला आणि चष्मा काढायला सांगितलं. शेठ वाकले. मी अर्थातच खिडकीशी जाऊन परत आलो.

"दिसलं?" मी विचारलं.

"दिसलं." ते अजून वाकलेलेच होते. "पर पोरांनी खोल्या, भित्ताड सांगिटलं व्हतं, त्यापरीस लई बारकं निगालं की, राव."